पिपात आधी काय होतं

एकतीस वर्षं मी दारू तपासली, प्याली कधी नाही.
सिव्हिल लाइन्सच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
लाखेचं सील फोडून मुद्देमाल काढायची:
गुळाची, नवसागराची, सडक्या संत्र्यांची,
आणि मोहाची, जी आमचा खुशाल निखाडे
बूच न काढताच ओळखायचा.
"मॅडम, पारशिवनीकडली आहे. लिहून घ्या."
मी लिहायची फक्त टक्के.
फॉर्मात वासाला रकाना नव्हता.

आज मे महिन्याच्या रात्री साडेदहाला
गच्चीची फरशी अजून तळव्यांना सोडत नाही,
आणि सुबोधनं मांडलेत दोन ग्लास,
पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते,
आणि लोकरी मोज्यात गुंडाळून
ॲबर्डीनहून आणलेली बाटली.
खाली कुलर घुरघुरतोय,
खसचा ओला वास जिन्यातून वर येऊन राहिला.
"आधी नाक, मावशी. मग जीभ."
मला शिकवतो. मला!

नाक घातलं.
आधी नुसतं झोंबलं, स्पिरिटच्या दिव्यासारखं.
मग मनुका, काळ्या, बियांच्या,
डब्याच्या बुडाशी चिकटून राहिलेल्या.
अक्रोडावरची ती पातळ तुरट साल.
इतवारीत मसाल्याची दुकानं बंद झाल्यावर
गल्लीत जो उरतो, तो.
उटण्यासाठी वाळत घातलेली संत्र्याची सालं.
आणि सगळ्यांत मागून, लाजत लाजत, मोह.
निखाडे असता तर म्हणाला असता,
"पाहुणे आहेत मॅडम, पण नात्यातले."

सुबोध सांगतो:
ही निघते तेव्हा पाण्यासारखी असते.
रंग तिचा नाही, पिपाचा.
पिपात आधी शेरी असते, स्पेनची.
ती काढून घेतात, लाकूड तिच्यात मुरलेलं असतं.
मग ही भरतात, आणि वर्षानुवर्षं विसरून जातात.

मी ग्लासातच बघत राहिली.

मी आली तेव्हा फडताळं कुमुदच्या हाताची होती.
बरण्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या,
मिसळणाच्या डब्यात तिचं जिरं अर्धं.
ते संपायला सात महिने लागले.
दुसरं आणून ओतायचा धीर झाला नाही.
नऊ वर्षांचा हा, ताट सरकवून म्हणाला होता,
"सांबारवडी अशी नसते."
खरंच नव्हती.
तिसऱ्या हिवाळ्यात कधीतरी तशी झाली.
कोणी शिकवलं नाही.
लाकडानंच शिकवलं असेल.

दरसाल थोडी उडून जाते, म्हणे,
तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.
मला हसू आलं. नागपुरात ठेवलं असतं पीप
तर देवदूत एप्रिलातच झिंगून
फुटाळ्याच्या काठी आडवे झाले असते,
आपल्याला उरलं असतं लाकूड चाटायला.
मग हसू थांबलं.
याचे बाबा तसेच उडाले, थोडे थोडे.
आधी माणसांची नावं, मग घरचा रस्ता, मग मी.
शेवटी शेवटी "कुमुद" म्हणून हाक मारायचे.
मी ओ द्यायची.

चष्मा लावून लेबल वाचलं.
सवयीनं आधी टक्के: शेहेचाळीस.
दुपारी पाराही तिथंच होता.
खाली, पिपात भरल्याचं वर्ष: अठ्ठ्याण्णव.
पुन्हा वाचलं.
त्याच वर्षी एका बॅगेसकट
मी या जिन्यावरून चढली होती.
सुबोध दूर कोराडीच्या चिमण्यांवरचे
लाल दिवे मोजून राहिला होता.
"डिस्काउंट होता," म्हणाला,
मी काही विचारायच्या आत.

तीन थेंब पाणी टाकलं, घोट घेतला.
चव सांगता येईल. सांगत नाही.

उठताना म्हणाला, "ग्लास विसळू नको, मावशी.
रिकाम्या ग्लासाचा वास सकाळी जास्त खुलतो."
मी दोन्ही ग्लास खाली नेले,
आणि तसेच, उपडे न घालता,
कुमुदच्या फडताळात ठेवले.